ऑनर्स विथ रिसर्च: चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाबद्दल स्टाफरूमच्या दारात विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पदवीचं चौथं वर्ष आपल्याकडे नवं असलं, तरी पदवीच्या मुलांचे प्रकल्प नवे नाहीत. टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, मुलांचे आणि एमएस्सीवाल्यांचे पुष्कळ प्रबंध तपासून झालेत. खालचे प्रश्न मुलं जसे विचारतात तसेच ठेवले आहेत. उत्तरं मात्र दारात उभं राहून देते त्यापेक्षा जरा निवांतपणे दिली आहेत.

मॅडम, 'ऑनर्स' आणि 'ऑनर्स विथ रिसर्च' एकच ना?

नाही. दोन्ही चार वर्षांच्याच पदव्या. साध्या ऑनर्समध्ये चौथं वर्षही वर्ग, पेपर, परीक्षा असंच जातं. 'विथ रिसर्च'मध्ये त्यातले १२ क्रेडिट एका संशोधन प्रकल्पाचे असतात आणि शेवटी प्रबंध सादर करावा लागतो. प्रकल्पाच्या एका क्रेडिटला किमान ३० तास धरतात, म्हणजे १२ क्रेडिटचे ३६० तास झाले. हा आकडा घरच्या भिंतीवर लावा. दिवाळीनंतर 'अजून वेळ आहे' म्हणणाऱ्या मुलांना मी तोच दाखवते.

यासाठी किती टक्के लागतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा दिला, त्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त अशी अट आहे. तेवढे नसतील तर साधं ऑनर्स करता येतं. ७४.६ वाल्यांनी माझ्याकडे येऊन उपयोग नाही, मी फक्त चहा पाजू शकते.

आमच्या बॅचला चौथं वर्ष कधी?

महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी चार वर्षांच्या पदवीची नवी रचना २०२३-२४ पासून घेतली, संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून. तुम्ही एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, कधी आलात त्यावरून मोजा. तुमच्याच विभागात 'विथ रिसर्च' आहे की नाही, ही चौकशी मात्र पाचव्या सत्रातच करा. सगळ्या विभागांत ते असणार नाही, कारण मार्गदर्शन करू शकणारी पीएचडीधारक माणसं आणि प्रयोगशाळा दोन्ही लागतात.

चौथं वर्ष करू की तीन वर्षांवर पदवी घेऊन सरळ एमएस्सीला जाऊ?

हा प्रश्न खरं तर आईबाबांचा असतो, मुलं फक्त तो घेऊन येतात. हिशोब असा: तीन वर्षांनंतर दोन वर्षांचं पदव्युत्तर, किंवा चार वर्षांनंतर एक वर्षाचं. पाचच वर्षं लागतात. फरक पडतो तो पुढे. आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झालेल्याला थेट पीएचडी प्रवेशासाठी प्रयत्न करता येतो. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाला ५ टक्क्यांची सवलत आहे. नेट या पात्रता परीक्षेचं दारही अशा चार वर्षांच्या पदवीधरांना उघडलं आहे.

पण पीएचडीचा विचारही नसेल, बँकेची किंवा एमपीएससीची तयारी डोक्यात असेल, तर हे वर्ष घेऊ नका. 'सीव्हीवर बरं दिसतं' एवढ्यासाठी घेतलेला प्रकल्प जानेवारीत रडवतो. त्याचे अश्रू मी पाहिले आहेत, माझ्या टेबलावरच्या टिश्यूच्या डब्यातून ते जातात.

विषय कसा सापडतो? मला काहीच सुचत नाही.

सुचत नाही म्हणणाऱ्याची मला काळजी नसते. पहिल्याच दिवशी 'मुंबईच्या किनाऱ्यावरील जैवविविधता आणि हवामानबदल' असा विषय घेऊन येणाऱ्याची असते. तो विषय नव्हे, ती एखाद्या संस्थेची पाटी झाली.

प्रश्न एवढा कापा की तो एका माणसाला, एका हिवाळ्यात, लोकलच्या पासावर करता येईल. एका मुलीचं उदाहरण सांगते. ती वर दिलेलंच वाक्य घेऊन आली होती. मी विचारलं, यातलं तू स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंयस? ती म्हणाली, वांद्र्याला बँडस्टँडच्या खडकांवर लहानपणी बाबांबरोबर जायचे, तिथे गोगलगायी असायच्या. कुठे असायच्या, वरच्या खडकांवर की पाण्याजवळ? आठवत नव्हतं. मग जाऊन बघून ये म्हटलं.

ती चार वेळा गेली. परत आली तेव्हा प्रश्न असा झाला होता: भरतीच्या रेषेपासून खाली उतरत गेलं की समुद्री गोगलगायींची संख्या कशी बदलते, आणि जिथे माणसांची सतत पायपीट आहे तिथे ती वेगळी आहे का? किनारा एकच, प्राणी एका प्रकारचा, तुलना दोन जागांची. कागदावर तो फार छोटा दिसतो म्हणून ती नाराज होती. मार्चपर्यंत तोही तिला पुरून उरला.

आमच्या समाजशास्त्राच्या सहकाऱ्यांची कसोटी याहून सोपी आहे. ते मुलांना सांगतात, तुझा प्रश्न दादर ते कुर्ला या प्रवासात शेजारच्या अनोळखी बाईला समजावून सांग. तिने उलट प्रश्न विचारला तर विषय ठीक आहे. नुसतं 'छान' म्हटलं तर परत ये.

गाइड कसे निवडायचे? मवाळ सर चांगले की कडक मॅडम?

स्वभाव नंतर बघा. त्यांच्याकडे आधी प्रबंध केलेल्या दोन सीनियरना गाठा आणि एकच विचारा: लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत परत मिळायचं? पंधरा दिवसांत लाल शाईने भरून परत देणाऱ्या कडक मॅडम परवडल्या. 'वा, छान चाललंय' म्हणत सहा महिने कागद न उघडणारे गोड सर परवडत नाहीत.

पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका. अर्धं पान पुरे: काय बघायचंय, कुठे, कसं, आणि कुठे अडेल असं वाटतं. 'सर, तुम्हीच काहीतरी द्या' म्हटलंत तर सर त्यांच्या स्वतःच्या कामातला एखादा कोपरा देतील. ते वाईट नाही, प्रयोगशाळेतल्या विषयांत तर बहुतेकदा तसंच होतं आणि त्यात शिस्त शिकायला मिळते. फक्त त्या कोपऱ्याचं उत्तर शोधायचं का आहे, ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

गाइड फोनच उचलत नाहीत. काय करू?

माझ्यावरही हे गुदरलंय. मी विद्यार्थिनी असताना एका कॉलेजात माझे मार्गदर्शक सलग सात आठवडे भेटले नव्हते, आणि मी 'सरांना त्रास नको' म्हणून गप्प बसले. ते गप्प बसणं मला एका सत्राला पडलं. तुम्ही तसं करू नका. दर पंधरा दिवसांनी ईमेल करा: एवढं झालं, इथे अडलंय, अमुक तारखेपर्यंत तुमचं उत्तर नाही आलं तर असं असं करून पुढे जाते. भाषा नम्र, तारीख स्पष्ट. दोन ईमेलना उत्तर नाही आलं तर विभागप्रमुखांकडे जा, तक्रार म्हणून नको, 'मॅडम, मार्ग सुचवा' म्हणून. आधीचे ईमेल तेव्हा कामी येतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निळ्या खुणा कामी येत नाहीत.

वाचायचं कुठे? घरी एका खोलीत पाच माणसं आहेत.

मुंबई याबाबत श्रीमंत आहे, आपण भिकाऱ्यासारखे वागतो. कालिन्याला विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. फोर्टात टाउन हॉलच्या पायऱ्या चढलात की एशियाटिक सोसायटी, १८०४ पासूनची. इतिहासवाल्यांनी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठावं. तिथे मुंबई इलाख्याचे मूळ कागद हाताळायला मिळतात, फक्त अर्ज आणि कॉलेजचं पत्र आधी तयार ठेवा. मराठी साहित्यावर काम असेल तर दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ सालचं. पक्षी, प्राणी, वनस्पतींसाठी हॉर्नबिल हाउसमधली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ ची. जुन्या मुंबईत कुठल्या खाडीत काय सापडायचं हे त्यांच्या जर्नलच्या जुन्या अंकांत मिळतं, आणि ते वाचताना मन जरा खिन्न होतं.

घरबसल्या वाचायला शोधगंगेवर देशभरातले पीएचडी प्रबंध फुकट आहेत. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय, त्यात १३ हजारांवर जर्नल्स आहेत, पण ती सरकारी संस्थांसाठी. तुमचं कॉलेज त्यात येतं का, नाहीतर एन-लिस्ट (कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणारी योजना) आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. ग्रंथपालांशी ओळख करून घेणं हा माझ्या मते चौथ्या वर्षाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मुलं त्यांना फक्त दंड भरायला भेटतात.

किती पेपर वाचायचे?

तीस शोधनिबंध चाळून, दहा नीट. नीट म्हणजे त्यातली पद्धत तुम्हाला न बघता सांगता येते असे.

फील्डवर्कचं नियोजन कसं करायचं?

इथे सगळे फसतात, म्हणून लांबण लावते.

त्याच गोगलगायींच्या मुलीचा हिशोब देते. खडक उघडे पडतात ते ओहोटीला. दिवसातून दोनदा ओहोटी येते, रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसं मागे हटतच नाही. खालचे खडक दिसतात ते अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला. कोळ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही, आमच्या मुलांना लागतं. मुंबईत उधाणाची ओहोटी साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवतो सातनंतर. म्हणजे अमावस्येच्या दिवशी गेलात तर अंधारात गोगलगायी मोजाल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जा, ओहोटी सातच्या पुढे सरकलेली असते आणि पाणीही अजून चांगलं मागे जातं. दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात वेळेसोबत पाण्याच्या उंचीचा मीटरमधला आकडाही बघा.

आता मोजा. पावसाळ्यात शेवाळामुळे खडक निसरडे, लाटा बेभरवशाच्या. तेव्हा जायचंच नाही, मी परवानगीच देत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाच महिने, महिन्यात दोन उधाणं, म्हणजे दहा. प्रत्येकात कामाचे तीन दिवस धरले तर तीस सकाळी. त्यातून दिवाळी, सत्र परीक्षा, घरातलं एक लग्न, एक ताप आणि एक मेगाब्लॉक वजा करा. तिच्या हातात सतरा सकाळी उरल्या. 'पाच महिने आहेत' म्हणणं आणि 'सतरा सकाळी आहेत' म्हणणं, या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. आकडा कळल्यावर तिने सहा जागांच्या दोन केल्या.

सामान: पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट, वीस मीटर दोरी, जाड तळव्याचे बूट, पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर शाई फुटते. दोरी वरून खाली टाकायची आणि दर दोन मीटरला चौकट ठेवून आतल्या गोगलगायी मोजायच्या, जिथे गोगलगायी दिसतात तिथे नव्हे. पहिल्या दिवशी तिने नकळत तेच केलं होतं, भरलेल्या जागा शोधून चौकटी ठेवल्या होत्या. वहीतल्या आकड्यांत एकही शून्य नव्हतं, त्यावरून मला कळलं. तो दिवस रद्द केला. उरल्या सोळा.

प्राणी उचलून आणू नका, तिथेच मोजा आणि तिथेच सोडा. प्रवाळाला तर हातही लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहेत. कोस्टल रोडच्या कामात आलेले प्रवाळ हलवायला महापालिकेलाही वन्यजीव विभागाची परवानगी काढावी लागली होती, तिथे तुमच्या-माझ्या ओळखपत्राला कोण विचारतो. आणि एकटं जायचं नाही, कधीच नाही.

मला लोकांच्या मुलाखती घ्यायच्यात. परवानगी लागते का?

कॉलेजची नैतिकता समिती असेल तर तिच्यापुढे प्रस्ताव ठेवावा लागतो आणि तिच्या बैठका वारंवार होत नाहीत, म्हणून हे काम जुलैत. समोरच्याला संमतीपत्र त्याच्या भाषेत द्या. मच्छी विकणाऱ्या मावशींच्या हातात इंग्रजी फॉर्म ठेवून अंगठा घेणं ही संमती नाही. अठराच्या खालचं कुणी असेल तर पालकांची संमती हवी आणि मुलाचा होकारही. नावं बदला, पण 'वरळी कोळीवाड्यातली डॉक्टर झालेली पहिली मुलगी' असं लिहिलंत तर नाव बदलून काय उपयोग?

मुलाखतीची वेळ त्यांची, तुमची नाही. बाजारात सकाळी गिऱ्हाईक असताना वही घेऊन उभे राहिलात तर दोन शब्द ऐकून घ्याल. दुपारी टोपली रिकामी झाल्यावर तीच मावशी तासभर बोलेल.

गूगल फॉर्म फिरवला तर चालेल का? २०० प्रतिसाद सहज येतील.

येतील. सगळे तुमच्याच वयाचे, तुमच्याच कॉलेजचे, आणि त्यातले पन्नास मित्राने वर्गात ओरडून भरून घेतलेले. मग प्रबंधात 'मुंबईकरांना असं वाटतं' असं लिहू नका, 'आमच्या कॉलेजातल्या २०० मुलांनी असं सांगितलं' लिहा. तेवढं प्रामाणिक असाल तर फॉर्मला माझी ना नाही. महापालिकेकडची माहिती हवी असेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. ती पाळली जाईलच असं धरून चालू नका.

अपेक्षित निष्कर्ष निघाला नाही तर नापास?

अजिबात नाही. गोगलगायींच्या मुलीला वाटलं होतं की पायपीट असलेल्या जागी त्या कमी असतील. सोळा सकाळींनंतर दोन्ही जागांमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ती दोन दिवस कॉलेजलाच आली नाही. आली तेव्हा आम्ही वही पुन्हा उघडली. फरक नव्हता याची तीन कारणं तिने स्वतः लिहिली, त्यातलं एक असं की पायपीट तिने फक्त रविवारी मोजली होती. तिच्या प्रबंधातलं ते प्रकरण सर्वांत चांगलं झालं. आकडे 'सुधारून' आणलेल्या मुलांचे आलेख फार गुळगुळीत असतात, ते लगेच ओळखू येतात.

प्रबंध मराठीत लिहिता येईल का?

विभागाकडून लेखी विचारून घ्या, विषयागणिक उत्तर बदलतं. भाषा कुठलीही असो, मुलाखती ज्या भाषेत झाल्या त्या भाषेतच उतरवून ठेवा. 'जीव टांगणीला लागला' याचं इंग्रजी करताना निम्मा अर्थ गळतो.

चॅटजीपीटी वापरलं तर?

इंग्रजी वाक्य सुधारून घेतलंत आणि तसं सांगितलंत तर माझी हरकत नाही. कॉलेजचा नियम काय आहे तो बघा. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. एका प्रबंधात मला ओळखीच्या शास्त्रज्ञाचा एक पेपर दिसला, नाव छान, साल छान, जर्नलही खरं. पेपर अस्तित्वातच नव्हता. विद्यार्थ्याला विचारलं, यात काय म्हटलंय? तो छताकडे बघू लागला.

प्लेजरिझम किती टक्के चालतं?

'चालतं' हा शब्दच चुकीचा, पण उचलेगिरीबद्दलचे आयोगाचे २०१८ चे नियम असे: १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. समानार्थी शब्द घालून नऊ टक्के करून आणणारे असतात. यंत्र फसतं. परीक्षक फसतीलच असं नाही.

खर्च किती येतो?

खडकांवरच्या कामाला चौकट, दोरी, रेल्वे पास आणि झेरॉक्स. प्रयोगशाळेतल्या रसायनांचा खर्च विभाग किती उचलतो ते विषय ठरवण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

पेपर छापायलाच हवा का?

नाही. 'तीन दिवसांत प्रकाशन, फक्त अडीच हजार' असा मेसेज आला तर तो खोडून टाका. आयोगाची केअर यादीही (मान्य जर्नल्सची यादी) २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल पारखायची जबाबदारी आता तुमची आणि गाइडची. त्यापेक्षा 'आविष्कार'ला जा. विद्यापीठांची ही आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा, पदवीच्या मुलांचा गट वेगळा असतो. पोस्टरसमोर उभं राहून अनोळखी परीक्षकाला पाच मिनिटांत काम समजावणं ही व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, उत्तम तालीम आहे. विज्ञानवाल्यांनी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' उपक्रमही बघावा, तो खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे.

व्हायवाला काय विचारतात?

'हे तू का केलंस?' आणि 'पुन्हा केलंस तर काय वेगळं करशील?' बाकी सगळे प्रश्न या दोहोंचीच पिल्लं. फील्डची वही बरोबर न्या, पाण्याचे डाग असलेली मूळ वही. बाहेरून आलेले परीक्षक ती हातात घेऊन चाळतात आणि मग त्यांचा आवाज बदलतो.

बाइंडिंग किती दिवस आधी टाकायचं?

आठ. सादरीकरणाच्या आठवड्यात स्टेशनबाहेरच्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे सगळ्या कॉलेजांची गर्दी असते आणि सोनेरी अक्षरांची कव्हरं दोन दिवसांवर जातात. पीडीएफ करून न्या, वर्ड फाइल त्याच्या संगणकावर उघडली की मराठी जोडाक्षरं विस्कटतात. एक प्रत जास्त काढा. गोगलगायींची ती मुलगी तिची जादा प्रत बाबांसाठी घेऊन गेली. कव्हरवर 'वांद्रे'चं 'वाद्रें' झालं होतं, पेनने नीट केलं.